भादव्यात भरू नका, कार्तिकात भरा

तुळशीचं लग्न लागलं की घराघरांतून स्टूल निघतात, आकाशकंदील उतरतो, माळा उतरतात आणि सज्ज्यात कोंबाकोंबी सुरू होते. या वेळी आलेली बहुतेक पत्रं याच सामानाची आहेत. मला याचा आनंद झाला, कारण सजावट कशी करायची हे सगळेच विचारतात, उतरवलेली नीट कशी ठेवायची हे कोणी विचारत नाही आणि दरवर्षी चांगल्या चांगल्या वस्तू त्यातच जातात. आपल्या नागपुरात तर एक सण झाला की दुसरा, आधी तान्ह्या पोळ्याचा नंदी, मग गणपती, मग महालक्ष्म्या, महालाकडे पितृपक्षात मस्कऱ्या गणपती, पुढे नवरात्र आणि दिवाळी, म्हणजे तीन महिने सामान वरखाली होत राहतं आणि तेही निम्मं पावसात. पत्रं थोडी लहान केली आहेत, बाकी जशीच्या तशी.

प्रश्न : ताई, आमच्या महालक्ष्म्या माझ्या आजेसासूबाईंच्या वेळच्या. दोघींचे मुखवटे प्लास्टरचे, रंगवलेले, आणि बाळांचे पितळी. मागच्या वर्षी विसर्जन झालं त्याच संध्याकाळी पाहुण्यांची गाडी होती म्हणून घाईघाईत सगळं एअरटाइट डब्यांमध्ये भरून सज्ज्यावर टाकलं. यंदा उघडून पाहते तर ज्येष्ठेच्या गालावर काळे-पांढरे ठिपके, साडीला कुबट वास आणि बाळांचे मुखवटे हिरवे पडलेले. मला तर रडूच आलं. कसंबसं पुसून यंदा बसवल्या. सासूबाई म्हणतात आम्ही गव्हाच्या कोठीत ठेवत होतो, कधी काही झालं नाही. माझं काय चुकलं? (प्रतापनगर)

उत्तर : तुमचा डबा चांगलाच होता हो, दिवस चुकला. महालक्ष्म्या उठतात तो भादवा, बाहेर पाऊस, भिंती ओलसर, घरात तीन दिवस स्वयंपाकाची वाफ आणि माणसांची गर्दी. त्या दिवशी प्लास्टर, कापड, लाकूड सगळ्यांनी हवेतलं पाणी पिऊन ठेवलेलं असतं, हाताला ते कोरडं लागतं पण कोरडं नसतं. ते आपण एअरटाइट डब्यात बंद केलं की ओल आत अडकते, बाहेर जायला जागाच नाही, आणि बुरशीला तेवढंच पाहिजे असतं. त्यातून हळद-कुंकू, अक्षता, नैवेद्याचे हात लागलेले, म्हणजे तिला खायलाही आतच मिळालं.

म्हणून माझं सांगणं एवढंच की भादव्यात पक्कं भरायचं नाही. विसर्जन झालं की मुखवटे, हात, दागिने, साड्या सुती फडक्यात सैल बांधून टोपलीत किंवा आलमारीच्या मोकळ्या कप्प्यात ठेवायच्या, पंख्याची हवा लागेल अशा. आपल्याकडून पाऊस ऑक्टोबरमध्ये जातो, मग ते कडक ऊन पडतं, आणि कार्तिकात हवा कोरडी आणि थंड होते. तेव्हा एक रविवार काढायचा आणि मग डबे बंद करायचे. म्हणजे आत्ताच! यंदाच्या तुमच्या महालक्ष्म्या अजून सज्ज्यात बंद असतील तर हे वाचून झाल्यावर आधी त्या काढा.

आता दुरुस्तीचं. प्लास्टरच्या मुखवट्याला ओलं फडकं लावू नका, प्लास्टर पाणी ओढून घेतं आणि वरचा रंग सुटतो. अंगणात किंवा गॅलरीत जा, नाकाला मास्क बांधा, आणि मेकअपचा नवा मऊ ब्रश घेऊन कोरडंच हलक्या हातानं झाडा, घासू नका. मग दोन-तीन दिवस सावलीत हवेवर. थेट उन्हात तासन्तास ठेवलं तर रंग उडतो आणि पापुद्रे निघतात. ठिपका रंगाच्या आत शिरला असेल तर तो ब्रशनं जाणार नाही, अशा वेळी स्वतः रंग घेऊन बसू नका, चितारओळीत मूर्तीवर हात बसलेले कारागीर आहेत, त्यांना दाखवा, डोळ्यांचं काम तर त्यांच्याच हातचं असू द्या. ब्लीच अजिबात नाही.

पितळेला चिंच किंवा पितांबरी चालते, पण डोळे-ओठ रंगवलेले असतील तर तेवढा भाग सोडून. आणि खरी चूक त्यानंतर होते, चिंचेचं पाणी नाकाच्या, कानाच्या खाचेत राहून जातं आणि तिथूनच पुन्हा हिरवं धरतं. दोनदा स्वच्छ पाण्यानं धुवा, सुती कापडानं टिपा, उन्हात खडखडीत वाळवा आणि नंतर उघड्या हातानं धरू नका, हाताच्या घामातलं मीठ पितळेवर बोटांचे ठसे उमटवतं. प्रत्येक मुखवटा वेगळ्या मलमलमध्ये.

साडी घडी करण्याआधी खांदा आणि पदर उजेडात धरून बघा. आपल्याकडे वर फुलोरा बांधतात नं, त्या करंज्या-पापड्यांचं तूप-तेल तीन दिवस बारीक बारीक खाली उतरतं आणि डाग तेव्हा दिसतच नाही, वर्षभरानं पिवळा होऊन दिसतो, मुंग्या आणि कसर तिथूनच सुरुवात करतात. ताजा असेल तर टाल्कम पावडर रात्रभर टाकून ठेवा, तेल ओढून घेईल, सकाळी झटका. रेशमावर पाण्याचे प्रयोग न करता ड्रायक्लीनला द्या. ज्या दोऱ्यांना फुलोरा टांगला ते दोरे टाकून द्या, जपून ठेवायची ती वस्तू नाही.

सासूबाईंचं म्हणणं खरं आहे. उन्हाळ्यात वाळवून भरलेला गहू कोरडा असायचा, कोठीत अंधार, गारवा, धक्का लागायची भीती नाही, आणि घरातली लक्ष्मी धान्यात ठेवायची हा भाव किती सुंदर आहे. पण आताच्या कोठीत काय टाकलं आहे ते आधी बघा. कीड लागू नये म्हणून पाऱ्याच्या गोळ्या टाकल्या असतील तर पारा सोन्याला आणि पितळेला धरतो, दागिने खराब होतात. आणि गव्हाच्या त्या दुसऱ्या विषारी गोळ्या, ज्यांच्यातून वायू निघतो, त्या तर पितळ, तांबं, चांदी काळी पाडतातच, पण राहत्या घरात त्यांच्या वायूनं माणसं दगावतात. त्या घरात आणायच्याच नाहीत, मुखवट्यांचा प्रश्न त्यानंतरचा. नुसता वाळवलेला गहू असेल, फार तर कडुनिंबाचा वाळलेला पाला, तर सासूबाईंची पद्धत खुशाल चालू ठेवा. पाला मात्र सावलीत कुडकुडीत वाळवलेला, ओला पाला म्हणजे स्वतःच्या हातानं ओल आत घालणं झालं.

प्रश्न : एक विचित्र गोष्ट झाली. जुनं थर्माकोलचं मखर होतं, त्याच्याच खोक्यात लाइटिंगच्या माळा गुंडाळून ठेवल्या होत्या. काढलं तर जिथे जिथे वायर टेकली होती तिथे थर्माकोल वितळल्यासारखं खोल चर पडलेलं आणि वायर चिकट. प्लग लावलेला नव्हता, करंटचा संबंधच नाही. घरचे म्हणतात उन्हानं झालं. खरं काय? (मानेवाडा)

उत्तर : ऊन एकटं नाही, वायरनंच ते खाल्लं आहे. वायरवरचं पीव्हीसी मुळात कडक असतं, ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळतात. थर्माकोलला टेकलं की ते द्रव्य हळूहळू थर्माकोलमध्ये उतरतं आणि त्याला विरघळवतं, उष्णतेनं हे अजून भराभर होतं, आणि मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर असताना स्लॅबला लागून असलेल्या सज्ज्यात काय होत असेल ते तुम्हीच बघा. इकडे वायरमधलं द्रव्य गेलं की ती कडक होते आणि वाकवली की तडकते. म्हणजे मखर गेलं ते दिसलं, माळही गेली ते दिसत नाही. ती माळ आता लावू नका, अगदी पेटत असली तरी. आणि थर्माकोलच्या सजावटीवर तर २०१८ पासून आपल्या राज्यात बंदी आहे, तेव्हा हे मखर आता दुरुस्त करत बसू नका, पुढच्या वर्षी लाकडी पट्ट्यांचं घडीचं करून घ्या, कापड बदललं की दरवर्षी नवं दिसतं आणि भिंतीला लावून ठेवता येतं.

बाकी माळा भरण्याआधी एकदा लावून बघा आणि मगच गुंडाळा, बंद माळ भरून ठेवून पुढच्या दिवाळीला संध्याकाळी सहा वाजता तिच्याशी झटापट करण्यात काही अर्थ नाही. जाड पुठ्ठ्याला दोन्हीकडे खाच पाडून त्यावर सैल गुंडाळा, हातावर करकचून नको, प्लगपाशी घडी नको. काळ्या टेपचे जोड असतील तर ती टेप उन्हाळ्यात पाघळते आणि आतली तार उघडी पडते, इलेक्ट्रिशियनकडून पक्के जोड करून घ्या. आणि वायरची टोकं सोलून आगकाडीनं सॉकेटमध्ये खुपसायची सवय पुष्कळ घरी आहे, कृपा करून त्या माळेला आत्ताच प्लग बसवा, कारण ऐनवेळी कोणी बसवत नाही आणि दिवाळीत घरभर लहान पोरं फिरत असतात. रात्रभर गॅलरीत राहिलेल्या माळेवर दव पडलेलं असतं, ती उन्हात वाळल्याशिवाय डब्यात जाऊ देऊ नका.

प्रश्न : आजोबांनी वडिलांसाठी घेतलेला लाकडी नंदी आहे, दीड फूट उंच, चाकांचा. दर तान्ह्या पोळ्याला आमची पोरं नेतात. यंदा पोटाखाली बारीक भोकं दिसली आणि ठेवला होता तिथे पिवळसर भुसा पडून राहिला. वाळवी आहे का? फेकावा लागेल का? (इतवारी)

उत्तर : फेकू नका, अजिबात फेकू नका. तीन पिढ्यांच्या पोरांनी ज्याची दोरी धरली तो नंदी असा जाऊ द्यायचा नाही.

ही वाळवी नाही. वाळवी मातीच्या नळ्या करत येते आणि लाकूड आतून पोकळ करते, बाहेर भुसा सांडत नाही. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि मैद्यासारखा भुसा म्हणजे भुंगेरा, आपण घुण म्हणतो तो. अळी आत राहून लाकूड खाते आणि मोठी झाली की भोक पाडून बाहेर पडते, म्हणजे जे भोक दिसतं ते निघून गेलेल्या किड्याचं. आत अजून कोणी आहे का हे कळायला सोपा उपाय आहे, नंदी ब्रशनं पूर्ण झाडा, भोकांतला भुसा उलटा करून ठोकून काढा आणि काळ्या कागदावर दोन-तीन आठवडे ठेवा. कागदावर नवा भुसा पडला नाही तर बहुतेक काम संपलेलं आहे, भोकं मेणानं बुजवा आणि झालं.

पडला तर सुताराकडून लाकडाचं कीडनाशक सुईनं एकेका भोकात सोडून घ्या. घरात करू नका, अंगणात, हातमोजे घालून, आणि वास पूर्ण जाईपर्यंत नंदी पोरांच्या हाती देऊ नका, लहान मुलं नंदीला मिठी मारतात, तोंड लावतात. विष नकोच असेल आणि नंदी लहान असेल तर डीप फ्रीझर हा चांगला उपाय आहे, दोन जाड पिशव्यांमध्ये हवा काढून घट्ट बंद करायचा आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवायचा, बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवायची म्हणजे दव पिशवीवर धरतं, लाकडावर नाही. तुमचा दीड फुटी नंदी घरच्या फ्रीझरमध्ये बसणार नाही आणि जाड ऑइलपेंट असेल तर थंडीनं तडकूही शकतो, तेव्हा तुमच्यासाठी सुतारच बरा.

ठेवताना झूल, घुंगरू, बाशिंग काढून वेगळं ठेवा, झुलीखाली ओल धरते. नंदी जमिनीवर नको, भिंतीला चिकटून नको, खाली दोन विटा, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात तर नकोच, पुठ्ठा म्हणजे वाळवीचं आवडतं जेवण. सुती चादर पांघरून ठेवा. आणि एक गोष्ट नागपूरकरांनी विशेष लक्षात ठेवावी, कूलरच्या झोतात काही ठेवू नका. आपल्याला वाटतं उन्हाळा म्हणजे कोरडा, बाहेर असतोही, पण रात्रभर कूलर चालला की खोलीतली हवा पावसाळ्यासारखी ओली होते, रेशमी साड्या, लाकूड, कागदाचे कंदील मे महिन्यातच सर्दावतात आणि आपण दोष देत बसतो पावसाळ्याला.

प्रश्न : सजावटीचे शालू, जरीचे पडदे, तोरणं यांच्यात मी डांबराच्या गोळ्या आणि कापूर दोन्ही टाकते, डबल सेफ्टी म्हणून. यंदा पडद्यावर तेलकट डाग पडले. आणि सून म्हणते बाळ आहे घरात, गोळ्या नको. ती उगाच घाबरते का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : नाही, सूनबाई बरोबर आहेत. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. अशा बाळाला डांबर गोळीच्या वासातल्या कपड्यात, दुपट्यात गुंडाळलं तर रक्तपेशी फुटून जोरात कावीळ होऊ शकते. शिवाय रांगतं पोर ती पांढरी गोळी पेढा समजून तोंडात घालतं. बाळाच्या खोलीत, बाळाच्या कपड्यांच्या आलमारीत एकही गोळी नको.

डाग पडले त्याचं कारण तुमची डबल सेफ्टीच आहे. नुसती डांबर गोळी ८० अंशांपर्यंत वितळत नाही, ती हवेतच विरते. पण कापूर आणि गोळी एकमेकांना टेकले की दोघांचाही वितळायचा अंश खूप खाली येतो, इतका खाली की आपल्या उन्हाळ्यात ते मिळून पातळ होतं आणि कापडात मुरतं. दोन्हीपैकी एकच, आणि तेही कापडाला न टेकता, वर टांगलेल्या पुरचुंडीत. माझं मत विचाराल तर दोन्ही नको. वेखंडाचे तुकडे आणि लवंगा मलमलच्या पुरचुंडीत ठेवा. यानं कसर दूर राहते, आधीच आत असलेली अंडी काही मरत नाहीत, म्हणून कापड स्वच्छ असणं हीच खरी गोष्ट आहे.

जरीला वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते आणि कागद पिवळा पडताना कापडही पिवळं करतो. रबरबँड तर कधीच नाही, रबरात गंधक असतं आणि खऱ्या जरीतली चांदी त्यानं काळी पडते. अत्तर शिंपडून ठेवायची सवयही सोडा. धुऊन खळ काढलेलं जुनं सुती धोतर गुंडाळायला सगळ्यात चांगलं, आणि संक्रांतीला एकदा, अक्षय तृतीयेला एकदा काढून घडी मोडून दुसऱ्या ठिकाणी घाला, नाहीतर एकाच घडीवर जर चिरते.

प्रश्न : वन बीएचके, सज्जा एकच आणि तोही गिझरच्या वर. वडील ६८ वर्षांचे, खुर्चीवर स्टूल ठेवून चढतात, ऐकत नाहीत. सामान कमी करू की काय करू? (मनीषनगर)

उत्तर : आधी वडील, मग सामान. खुर्चीवर स्टूल हा प्रकार आजच बंद करा, या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. त्यांना सांगताना "तुम्हाला जमत नाही" असं म्हणू नका, "बाबा, तुम्ही खाली बसून यादी करा, कुठल्या डब्यात काय ते तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही" असं म्हणा, आणि ते खरंच आहे. चढायचं काम घोडीवर, खाली एकानं घोडी धरून.

गिझरच्या वर कागद, कापड, कंदील काही नको, एक उष्णता आणि दुसरी वाफ. तसंच देवघरात समई पेटते त्याच्या वरच्या कप्प्यातही नको. तिथे तांब्या-पितळेची भांडी, समया ठेवा. मऊ सामान दिवाणच्या बॉक्समध्ये, पण बॉक्स फरशीला टेकलेला असेल तर खाली जाड प्लास्टिक अंथरा. कंदील घडीचा असेल तर घडी करा, बांबूचा असेल तर काड्या आणि कागद वेगळे करून काड्या जुन्या उशीच्या अभ्र्यात, कागद पुढच्या वर्षी नवा लावा, ताव स्वस्त मिळतो आणि पोरांना करायला काम मिळतं. डब्यावर नुसतं "दिवाळी" लिहू नका, "माळा ४, कंदील १, तोरण दाराचं" असं लिहा. मेणबत्त्या वरच्या सज्ज्यात टाकू नका, उन्हाळ्यात वाकून एकमेकींना चिकटतात, सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवा.

प्रश्न : पणत्या दरवर्षी टाकून द्याव्या लागतात, उंदीर आणि झुरळं लागतात. रांगोळीचे गोळे होतात. बॅटरीचे दिवे पण एका वर्षात बंद. (धरमपेठ)

उत्तर : उंदीर पणतीला येत नाही, तेलाला येतो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून पणत्या रात्रभर बुडवा, सकाळी नारळाच्या शेंडीनं घासा, दोन दिवस कडक उन्हात घाला, वास घेऊन बघा आणि तेलाचा वास आला तर परत एकदा. रांगोळी ताटात पसरून उन्हात तापवा आणि गार झाल्यावर काचेच्या बरणीत भरा, गरम भरली तर झाकणाला पाणी सुटतं. रंगांच्या बरण्या स्वयंपाकघरात हळदी-तिखटाच्या शेजारी ठेवू नका.

बॅटरीच्या दिव्यांमधले सेल काढले नव्हते म्हणून ते गेले. पेन्सिल सेल आतच राहिला की गळतो आणि पांढरी पूड धरते, कापसाच्या काडीला थोडा लिंबाचा रस लावून पुसा, वाळवा, पुष्कळदा दिवा परत लागतो. छोट्या दिव्यांत गोल बटणासारखा सेल असतो, बहुतेक सीआर २०३२, तो तर मोजून काढा. लहान मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं, पोर रडतही नाही कधी कधी, नुसती लाळ गळते आणि खात नाही. अशी शंका जरी आली तरी उलटी करवायची नाही, घरी वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटलमध्ये नेऊन एक्स-रे काढायला सांगायचं. काढलेले सेल दोन्ही बाजूंनी टेप लावून झाकणाच्या डब्यात, मुलांचा हात पुरणार नाही अशा ठिकाणी ठेवा, आणि वापरून संपलेले घंटागाडीत ओल्या-सुक्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.